ढिगात कादंबऱ्याही आणि संशोधनग्रंथही: ६ इंची ई-रीडर की १० इंची?

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले आणि ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. ज्याला हे दोन्ही केतकर एकाच यंत्रावर वाचायचे आहेत, त्याच्यासाठी हा आढावा. केतकर १९३७ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा आपला कायदा, त्यामुळे त्यांचे लेखन १९९८ पासून सर्वांसाठी खुले आहे. त्या पिढीच्या बऱ्याच लेखकांचे असेच आहे. म्हणजे वाचायला मिळते भरपूर, फक्त एका रूपात मिळत नाही. कादंबरी कधी व्यवस्थित ईपबमध्ये (अक्षर लहान-मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात अशा फायलीत) सापडते, कधी नाही. संशोधनग्रंथ मात्र जवळजवळ हमखास स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच, म्हणजे पानांच्या चित्रांतच, येतो. यंत्र कोणते घ्यायचे हा प्रश्न खरे तर इथेच सुटतो.

ई-इंक, म्हणजे या यंत्रांचा कागदासारखा पडदा, डोळ्यांना कशी, चार्जिंग किती आठवडे पुरते, हे दोन्हीकडे सारखेच आहे, ते सोडून देतो.

कादंबरीपुरते बोलायचे तर लहान यंत्राला तोड नाही. वजन दोनशे ग्रॅमच्या आत, लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटता येते. मराठी ईपब वाचताना दोन-तीन गोष्टी तेवढ्या जमवून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे ओळी दोन्ही बाजूंनी जुळवून घेण्याची सोय बंद करावी. देवनागरी शब्द ओळीच्या शेवटी बहुधा तुटत नाहीत. अक्षर जरा मोठे केले की लहान पडद्यावर एका ओळीत पाच-सहा शब्दच मावतात आणि मग दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात. ओळी डावीकडून सुरू होऊन उजवीकडे हव्या तिथे संपू द्याव्यात. दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही वळणे असतात, पण पुस्तकाच्या नोंदीत भाषा ‘हिंदी’ लिहिलेली असेल तर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळण्याच्या संगणक-प्रणालीत भाषा मराठी करून पुस्तक पुन्हा चढवले की बहुधा सुटते. तिसरी गोष्ट सुटत नाही. छपाईच्या जुळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘ऱ्य’चा ‘र्य’ झालेला असतो, आणि मग लग्नघरात ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले की ‘आचार्यांना’ बोलावणे जाते. हा दोष फायलीतला आहे, यंत्र कितीही महागाचे घेतले तरी तो तसाच राहणार.

आता संशोधनग्रंथ. इथे पट्टी घेऊन बसावे. मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार १४ सेंमी × २१.६ सेंमी. ६ इंची पडदा ९ × १२.२ सेंमी. पान जसेच्या तसे बसवले तर ते ५७ टक्क्यांवर येते. १३ पॉइंटांचा मजकूर साडेसात पॉइंटांच्या आसपास, आणि १० पॉइंटांची तळटीप पावणेसहा. समास कातरून फक्त छापील चौकट ठेवली (ती साधारण १०.५ × १७.५ सेंमी भरते) तर ७० टक्के मिळतात: मजकूर ९ पॉइंट, तळटीप ७. इंग्रजीत ७ पॉइंट एक वेळ खपून जातात. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार-ऋकार, या सगळ्यांना जागा दिल्यावर मुख्य अक्षराच्या वाट्याला उंची कमीच येते. त्यात स्कॅन जुन्या, पिवळ्या पानाचा. अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत फरक कळेनासा होतो. ७ इंची पडद्यावर, कातरल्यानंतर, हेच प्रमाण ८१ टक्क्यांपर्यंत जाते. सुसह्य, पण सुखाचे नाही. १० इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांचा पडदा बहुधा १०.३ इंचांचा, म्हणजे १५.७ × २०.९ सेंमी. त्यावर अख्खे डेमी पान ९७ टक्क्यांवर बसते आणि समास कातरले तर कागदापेक्षाही मोठे दिसते.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘लहान यंत्र आडवे धरा.’ धरून पाहावे. पानाची रुंदी पडद्याला भिडते, अक्षर छापील आकाराहूनही थोडे मोठे होते, आणि पहिली दहा पाने वाटते की उगाच मोठ्याचा विचार केला. मग तळटिपा सुरू होतात.

आडव्या पडद्यात पानाचा ७.८ सेंमी उंचीचा तुकडा मावतो. छापील चौकट १७.५ सेंमीची, म्हणजे एका पानाच्या तीन पट्ट्या. टिपेचा आकडा वरच्या पट्टीत, टीप तिसऱ्या पट्टीत. खाली जायला दोनदा दाबायचे, परत यायला दोनदा. वरच्या अर्ध्यात चार आकडे असले तर एका पानासाठी सोळा वेळा, आणि प्रत्येक दाबण्याला जड स्कॅनचा सेकंद-दीड सेकंद. शिवाय परत आल्यावर आपण कोणत्या ओळीवर होतो हे शोधायचे. पडदा ६ चा ७ इंच केला तरी, रुंदी भिडवून वाचत असाल तर, पट्ट्या तीनच राहतात, कारण पडद्याच्या उंची-रुंदीचे प्रमाण तेच असते. अक्षर तेवढे वाढते.

ही तक्रार कुणाला क्षुल्लक वाटेल. पण मराठी इतिहाससंशोधनाची पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना माहीत आहे की खरे भांडण तळटिपेतच असते. वर शांतपणे ‘हे पत्र अमुक तिथीचे’ असे लिहिलेले असते, आणि खाली बारीक अक्षरांत आधीच्या संपादकाची तिथी कशी चुकली हे दहा ओळींत सांगितलेले असते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड किंवा तशा जातीचे काहीही घ्या, टीप वगळून वाचले तर निम्मे पुस्तक हातून सुटते. आडव्या लहान पडद्यावर तेच होते. आधी दर टिपेला खाली जातो, मग पानाच्या शेवटी सगळ्या एकदम वाचू म्हणतो, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत टिपा वाचणेच थांबलेले असते. माझा कौल फिरला तो इथे. मोठ्या पडद्यावर आकडा आणि टीप एकाच नजरेत असतात. डोळा खाली जातो, परत येतो, हाताला काही काम नाही.

लहान यंत्रावर यातून वाट काढता येत नाही असे नाही. केओरीडरसारख्या वाचनप्रणालीत स्कॅनमधले शब्द कापून पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा मांडण्याची सोय आहे, ती तळटिपा नसलेल्या पानावर चांगली चालते. तळटीप असली की गंमत होते. पानाच्या शेवटचे अर्धे वाक्य, त्याला चिकटून टीप, मग पान क्रमांक, मग पुढच्या पानाच्या माथ्यावरचे प्रकरणाचे नाव, आणि त्यानंतर वाक्याचा उरलेला भाग. शिवाय ओळी दाटीने छापलेल्या असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो आणि कापणी चुकते.

ओसीआर करून, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेऊन, ईपब बनवणे हा दुसरा मार्ग. टेसरॅक्ट या ओसीआरच्या साधनात मराठीची सोय आहे आणि स्वच्छ छपाईवर निकाल वाईट नसतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत मात्र ष-प, ध-घ, भ-म, ख-रव या जोड्या एकमेकींत मिसळतात. कादंबरीत अशी चूक वाचताना आपोआप दुरुस्त होते. ग्रंथात ती आडनावात किंवा गावाच्या नावात पडली तर कळतसुद्धा नाही. आकड्यांचे तर बोलूच नये. तेव्हा ओसीआर शोधण्यापुरते ठेवावे, वाचायला मूळ पानाचे चित्रच बरे.

दोन्ही यंत्रांवर उपयोगी पडेल अशी पूर्वतयारी मात्र जरूर करावी. फायलीत दोन पाने एकत्र स्कॅन केलेली असतील तर स्कॅन टेलर या स्कॅन साफ करण्याच्या साधनात ती आधी वेगळी करावीत, तिरकी पाने सरळ करावीत, आणि शेवटी करड्या छटा काढून निव्वळ काळे-पांढरे रूप ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) घ्यावे. पिवळ्या कागदाची पार्श्वभूमी ई-इंकवर करड्या ठिपक्यांची जाळी होऊन दिसते, ती जाते. फाइलही हलकी होते आणि पान उलटायला लागणारा वेळ कमी होतो. समास कातरताना डावी आणि उजवी पाने वेगवेगळी कातरावीत. जाड पुस्तकात बांधणीकडचा समास मोठा असतो, एकच चौकट सगळ्या पानांना लावली तर दर दुसऱ्या पानाची कडेची अक्षरे उडतात. ब्रिस हे छोटे साधन सम-विषम पाने आपणहून वेगळी करून दाखवते. आणखी एक: छापील पान क्रमांक आणि फायलीतला क्रमांक यांतला फरक सुरुवातीलाच काढून ठेवावा. सूचीत २१२ दिले असेल आणि फरक १६ असेल तर २२८ वर उडी मारायची. मध्ये क्रमांक नसलेली चित्रपाने आली की फरक वाढतो, तेवढे लक्षात ठेवायचे.

मोठ्या यंत्राचे दोषही सांगायलाच हवेत. किंमत लहानाच्या दुप्पट-तिप्पट. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, वर कव्हर. आडवे पडून छातीवर धरले की पंधरा मिनिटांत मनगट बोलू लागते, आणि डुलकी लागली तर ते नाकावर येते. उभ्याने प्रवासात त्याचा उपयोग शून्य. पडदा मोठा म्हणून आघाताला नाजूक, पिशवीत डब्याशेजारी ठेवू नये. कादंबरी त्यावर वाचता येते, पण ओळ लांब होते, नजर पुढच्या ओळीवर जाताना चुकते. दोन्ही बाजूंना समास वाढवून ओळ १०-११ सेंमीवर आणली की ठीक होते. बऱ्याच मोठ्या यंत्रांबरोबर लेखणी येते आणि तिचा एक अनपेक्षित फायदा आहे: लहान यंत्रांवर देवनागरी कळफलक बऱ्याचदा नसतो, त्यामुळे मराठीत टीप लिहिता येत नाही. लेखणीने समासात सरळ लिहिता येते, मोडीतसुद्धा.

टिपा पुस्तकाच्या शेवटी एकत्र दिलेल्या असतील तर मात्र मोठ्याचा हा फायदा संपतो. स्कॅनमध्ये मागे-पुढे करणे दोन्हीकडे सारखेच कटकटीचे, आणि त्या बाबतीत दोन खूणपट्ट्या घातलेले छापील पुस्तक दोघांनाही हरवते. इंग्रजी विद्यापीठीय प्रकाशनांची ईपब घेत असाल तर पारडे पुन्हा लहानाकडे झुकते. तिथे टिपेच्या आकड्यावर बोट ठेवले की टीप खिडकीत उघडते. लांब टीप मध्येच तुटते हे खरे, पण काम भागते. छापील पान क्रमांक मात्र अशा ईपबमध्ये असतीलच असे नाही, संदर्भ देणाऱ्यांनी विकत घेण्याआधी नमुना उतरवून पाहावे.

कोशांबद्दल एक विरोधाभास आहे. दोन रकान्यांचे मोठे पान १० इंची पडद्यावरही बारीक होते, आणि लहान यंत्रावर एकेक रकाना रुंदीला भिडवला तर छान वाचता येते. पण कोश सलग कोण वाचतो? शब्दापुरते मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश फोनवर उघडले तरी चालते.

तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत वाचायची दहा पुस्तके कागदावर लिहून काढा. त्यांत तळटिपांची स्कॅन पुस्तके एक-दोनच असतील तर लहान यंत्र घ्या आणि ती एक-दोन लॅपटॉपवर उरका. तीन किंवा जास्त असतील तर माझ्या मते मोठे घ्यावे. सहा महिने थांबून पैसे जमवावे लागले तरी. दोन्ही यंत्रे घेणे परवडत असेल त्याने हा मजकूर वाचायचीच गरज नव्हती.

तरीही ठरत नसेल तर घरातला तळटिपांचा एखादा ग्रंथ घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जा आणि एका पानाची ७० टक्क्यांवर प्रत काढून घ्या. समास कातरलेले ६ इंची यंत्र तुम्हाला एवढेच अक्षर दाखवणार आहे, तेही स्कॅनचा दोष धरण्याआधी. ती प्रत रात्री, नेहमीच्या दिव्यात, नेहमीच्या चष्म्याने वाचा. तळटिपेतले साल १७६१ आहे की १७६९, हे पहिल्या नजरेत कळले तर लहान घ्यायला हरकत नाही.