डीएनए पॉलिमरेझ वन: माल चोख, पोहोचवणी ढिसाळ

बडोद्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या पोरांची प्रॅक्टिकल्स मी सांभाळते. यंदा ई. कोलाय या जिवाणूचं डीएनए पॉलिमरेझ वन, म्हणजे डीएनएचा धागा बनवणारं एंझाइम, मागवलं, 500 युनिटची कुपी. बिल बघून आमच्या हिशेबनीसांनी चष्मा पुसला. आत जेमतेम 50 मायक्रोलिटर, म्हणजे डोळ्यांत घालायच्या औषधाचा एक थेंब!

डीलरचा सल्ला होता, "बेन, क्लेनो लई लो, एक ज छे, सस्तुं पडशे." एकच कसं असेल? पॉलिमरेझ वन तीन कामं करतं: डीएनएची नवी अक्षरं जोडतं, चुकीचं लागलेलं मागे येऊन काढतं, आणि समोर आलेला जुना तुकडा कुरतडत पुढे सरकतं. क्लेनो म्हणजे त्याच एंझाइमचा तिसरं काम करणारा भाग छाटलेला अवतार. मला निक ट्रान्सलेशन करायचं होतं, म्हणजे डीएनएतल्या बारीक खाचेपासून जुनी अक्षरं काढत त्या जागी खूण लावलेली नवी भरायची होती; त्याला नेमकं तिसरंच काम हवं.

जिवाणूच्या पेशीतही त्याची गरज तिथेच पडते. डीएनएची नक्कल होताना एका धाग्यावर आरएनएचे छोटे प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारे तुकडे, उरतात. ते तुकडे हे एंझाइम खातं आणि त्या जागी डीएनए भरतं. अतिनील किरणांनी बिघडलेला भाग दुसरी एंझाइम्स कापून टाकतात, मग खड्डा बुजवायला पुन्हा हेच. शेवटची फट मात्र लायगेझ नावाचं वेगळं एंझाइम सांधतं.

1956 मध्ये आर्थर कोर्नबर्ग या शास्त्रज्ञांनी ते शोधलं, 1959 मध्ये नोबेलही मिळालं, आणि नक्कल करणारं एंझाइम ते हेच असं सगळे धरून चालले. 1969 मध्ये पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांना एक असा जिवाणू सापडला की ज्यात याचं काम जवळजवळ बंद, तरी पठ्ठ्या मजेत वाढतोय! अतिनील किरणांत मात्र पटकन मरायचा. मुख्य नक्कल पॉलिमरेझ थ्री करतं, हे त्यानंतर कळलं. वेगातही फरक केवढा: थ्री सेकंदाला हजाराच्या आसपास अक्षरं जोडतं, वन वीसेक. पोरांना हा किस्सा फार आवडतो, त्यामुळे मी तो दर वर्षी लांबवते.

आता तक्रार. कुरियरचा पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "बेन, बरफ तो पीगळी गयो." जेलपॅक कोमट. डीलरला फोन केला तर "चालशे, चालशे". बदलून दिली नाही. मी लगेच लॅम्डा या विषाणूच्या डीएनएवर चाचणी घेतली, ती निघाली ठणठणीत. पण हे नशीब, सेवा नव्हे.

वापरताना एक बघा: कुपीत निम्मं ग्लिसरॉल असतं, म्हणून उणे 20 अंशांवरही ते गोठत नाही. पिपेटची टिप खोल बुडवलीत तर बाहेरून चिकटलेला घट्ट थेंब तुमच्या हिशेबात येत नाही आणि महागडा माल टिपेसकट कचऱ्यात जातो. टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवायचं, सावकाश ओढायचं.

निक ट्रान्सलेशन 15 अंशांवर करायचं. जास्त गरम झालं की एंझाइम वेडेवाकडे, स्वतःवरच दुमडलेले धागे बनवू लागतं. एप्रिलच्या उकाड्यात थर्मोकोलच्या डब्यात पाणी, बर्फ आणि थर्मामीटर ठेवून पोरांनी दीड तास पाळीपाळीने पहारा दिला. खूण लावलेला डीएनए मेम्ब्रेनवर जांभळ्या ठिपक्यांत उमटला, तेव्हा मागच्या बाकावरचेही पुढे आले.

एंझाइमला पाचपैकी पाच, डीलरला दोन, तेही फोन उचलला म्हणून. मागवायचंच असेल तर सोमवारी निघेल असं बघा, शनिवार-रविवार गोदामात पडून राहत नाही. आणि घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठेवू नका. बर्फ वितळवायला तो अधूनमधून स्वतःच गरम होतो.