दोघी बहिणी, दोन रात्री : दुबई की सिंगापूर?

ताई डोंबिवलीत, मी पार्ल्यात. घर, मुलं, नोकरी यांतून फक्त शनिवार-रविवार सुटतो. तेवढ्यात आम्ही एकदा दुबई केली, एकदा सिंगापूर. भावंडाबरोबर असंच निघायचं मनात असेल, तर तिकिटाच्या भावाआधी घड्याळ बघा.

दुबई सव्वातीन तासांवर आणि दीड तास मागे. शुक्रवारी संध्याकाळी सातला मुंबईच्या सहार विमानतळावरून उडालात, तर तिथल्या पावणेनऊला उतरता. जेवून गादीवर पाठ टेकता येते. सिंगापूर साडेपाच तासांवर आणि अडीच तास पुढे. रात्री साडेअकराला निघालं की सकाळी साडेसातला पोहोचायचं, मधे कशीबशी चार तासांची झोप, आणि खोली दुपारशिवाय ताब्यात मिळत नाही. परतताना मात्र उलटं. सिंगापूरहून संध्याकाळी सातला निघून रात्री सव्वादहापर्यंत मुंबईत. दुबईहून रात्री दहाला निघालात, तर पहाटेचे अडीच वाजतात. सोमवारी ऑफिस असणाऱ्याने हे आधीच ठरवावं.

विमानतळावरून मेट्रो दोन्हीकडे आहे. दुबईच्या मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळी जागा असते. ताईला लगेच आपला लेडीज डबा आठवला.

आमची दुबई म्हणजे खाडीकाठ. देरा ते बर दुबई अब्रा नावाच्या लाकडी होडीतून, माणशी एक दिरहम. आम्ही चार वेळा या काठावरून त्या काठावर गेलो. आईच्या बांगड्या कुणी घ्यायच्या हा तीन वर्षं टाळलेला विषय त्या होडीत निघाला आणि तिथेच मिटला. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा आम्ही खालूनच पाहिला, वर जायचं तिकीट वाचवलं. मे ते सप्टेंबर मात्र तिकडे फिरकू नका, दुपारी रस्त्यावर पाऊल ठेववत नाही.

सिंगापुरात पाऊस बारा महिने कधीही येतो, छत्री हवीच. पण पायी फिरायला आणि खायला ते शहर उजवं. तिथली हॉकर सेंटरं म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्यांची रांग; त्या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली! ताई शाकाहारी, म्हणून पहिल्या दिवशी आम्ही लिटल इंडियात डोसा खाल्ला. नंतर १८५९ सालच्या बोटॅनिक गार्डनमध्ये, फुकटात, झाडाखाली तासभर लोळलो. जागरणाचा शीण तिथे उतरला.

व्हिसा साधारणपणे दोन्हीकडे आधीच काढावा लागतो, आणि पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी.

माझं मत स्पष्ट आहे. दोनच रात्री असतील आणि महिना डिसेंबर-जानेवारीचा असेल, तर दुबई. सोमवारची रजा मिळत असेल, किंवा धाकटा भाऊ खाण्याचा शौकीन असेल, तर सिंगापूर. पण तिथे शनिवारी सकाळी कुठलंही तिकीट काढून ठेवू नका. झोप न झालेल्या भावंडाला रांगेत उभं केलं की भांडण होतंच. आमचं झालं होतं.