तक्ता अखेर तक्त्यासारखा वागू लागला: नव्या आवृत्तीचा अनुभव

मी ज्या डिजिटल प्रकाशन सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकांची मांडणी करते, त्याच्या नव्या आवृत्तीत तक्त्यांचा विभाग मुळापासून बदलला आहे. एका ११२ ओळींच्या आणि ७ रकान्यांच्या तक्त्यावर तो वापरून पाहिल्यावर, हा बदल केवळ रंगरंगोटीचा नाही, अशी माझी खात्री झाली.

पूर्वी शीर्षक-ओळ म्हणजे फक्त ठळक केलेली पहिली ओळ असे. छापील पानावर ती शोभून दिसे, परंतु ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, ती इतर ओळींसारखीच साधी ओळ ठरत असल्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर अंध वाचकांना वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ‘४२.५’ एवढेच वाचून पुढे जाई आणि तो आकडा कोणत्या रकान्यातला, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. आता शीर्षकाची खूण केली की ‘टीहेड’, ‘टीएच’ आणि ‘स्कोप’ ही, कोणते शीर्षक कोणत्या रकान्याचे ते सांगणारी रचना आपोआप तयार होते. एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत ही सोय १९९७ पासून आहे; ती येथे इतक्या उशिरा यावी, याचे वाईट वाटते. पीडीएफमध्येही आता प्रत्येक नव्या पानावर शीर्षके पुन्हा येतात आणि आकडे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह असे नीट बसतात.

देवनागरीचा विचार मात्र कमी पडला आहे. ओळीची ठरावीक उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली दिसते, कारण ‘मूर्तींची’ या शब्दातील रफार आणि अनुस्वार वरच्या रेषेला टेकले, तर ‘वृद्धी’तील ऋकार खालून कापला गेला. ओळींतील अंतर १.२ वरून १.६ केल्यावर अक्षरे मोकळी झाली, पण ते बदलण्याची जागा तीन खिडक्या ओलांडल्यावर सापडते.

मोबाइलसाठी प्रत्येक ओळीचे वेगळे कार्ड करण्याचा पर्याय दिला आहे. तो मला पटत नाही, कारण रकान्यातील आकडे वरपासून खालपर्यंत ताडून पाहता यावेत यासाठीच तर आपण तक्ता करतो. अरुंद पडद्यावर मजकूर आडवा सरकवावा लागू नये, असे सांगणाऱ्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या, वेबवरील मजकूर अपंगांनाही वापरता यावा यासाठीच्या निकषांनीही माहितीच्या तक्त्यांना त्यातून सूट दिली आहे. म्हणून मी पहिला रकाना जागेवर स्थिर ठेवून उरलेला तक्ता आडवा सरकणारा दुसरा पर्याय निवडला, आणि ११२ व्या ओळीपर्यंत कोणता आकडा कशाचा, हे शोधण्यासाठी एकदाही मागे जावे लागले नाही.