रूट कॅनॉलनंतरचे १४ महिने आणि हरवलेला पहिला एक्स-रे

गेल्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील दवाखान्यात माझ्या दाढेचा पहिला एक्स-रे मागितला, तर ‘संगणक बदलला, जुने काही राहिलेले नाही’ असे उत्तर मिळाले. पाऊण तास वाद घालूनही हाती काही लागले नाही, म्हणून १४ महिन्यांचा अनुभव लिहीत आहे.

उपचाराबद्दल तक्रार नाही. उजवीकडच्या खालच्या पहिल्या दाढेच्या मुळाशी एक्स-रेत हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा डाग, म्हणजे संसर्गाने हाड झिजल्याची खूण, दिसत होता. डॉक्टरांनी प्रत्येक सिटिंगला रबर डॅम (लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती ताणलेला रबरी पडदा) लावला, मुळांतल्या तिन्ही नलिका साफ केल्या आणि भरण मुळाच्या टोकाच्या १ मिमी अलीकडे थांबवले. टोकापासून २ मिमीच्या आत राहिलेले, टोकाबाहेर न गेलेले आणि मध्ये पोकळी नसलेले भरण हे यशाचे चांगले लक्षण मानले जाते. मात्र डाग असलेल्या दाढेत यशाची शक्यता डाग नसलेल्या दाढेपेक्षा कमी असते, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते.

तिसऱ्या दिवशी ठणका थांबला आणि मी कॅपचा खर्च पुढे ढकलला. कॅपचा आग्रह म्हणजे बिल वाढवणे, असे तेव्हा माझे ठाम मत होते. पाच आठवड्यांनी मिसळीसोबतचा पापड चावताना तात्पुरते सिमेंट निघाले आणि जिभेला दाढेतला खड्डा लागला. वरून लाळ झिरपली की साफ केलेल्या नलिकांत जंतू पुन्हा शिरतात. नलिका नव्याने साफ करून भरण्याचा खर्च पडला, कॅप बसवावी लागली ती वेगळीच. ते मत मी मागे घेतो.

एक्स-रेबाबतचे मत मात्र बदलणार नाही. ठणका गेला म्हणजे हाड भरून आले असे नाही. डाग काहीही न दुखता टिकून राहू शकतो. म्हणूनच युरोपियन सोसायटी ऑफ एन्डोडॉन्टॉलॉजीच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान एका वर्षाने एक्स-रे काढण्यास आणि डाग पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यास सांगितले आहे. पहिला एक्स-रेच नसेल, तर डाग घटला की वाढला हे ठरवायचे कशावरून?

सुदैवाने पत्नीने तेव्हा संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. नव्या एक्स-रेत डाग तिळाएवढा दिसतो. दोन्ही शेजारी धरून डॉक्टर म्हणाले, ‘भरून येतंय असं वाटतं, पण कोन वेगळा आहे, खात्रीने सांगता येणार नाही.’ या वेळी मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठलो नाही. पुढचा एक्स-रे वर्षभराने आहे.