समूहगायनाचा वर्ग: वाईट सवयी हसत सोडवणारी तालीम
सोप्रानो आणि आल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच व खालचे आवाज) अशा चार आवाजांत गाणाऱ्या हौशी गायकांसाठी पुण्यात चालणारा हा वर्ग मला मनापासून आवडला, कारण येथील मार्गदर्शिका गायकांच्या वाईट सवयी हसत हसत, पण न चुकता पकडतात. बासची ओळ बसवली जात असताना सोप्रानो गायिकांच्या गप्पा रंगतात. पेन्सिल न आणल्यामुळे दुरुस्ती लिहिली जात नाही आणि पुढच्या तालमीत तीच चूक अगदी त्याच मात्रेवर परत येते. स्वरलिपीत डोके खुपसून गाणाऱ्यांसाठी बाई ताल दाखवणारा हात मध्येच थांबवतात, तेव्हा एकटेच पुढे गात राहिलेले उघडे पडतात आणि सगळे खळखळून हसतात. साथीविना गाताना सूर नकळत उतरतो, म्हणून ४४० हर्ट्झच्या नादकाट्यावरून (ठोकल्यावर एकच ठरावीक स्वर देणारा धातूचा काटा) सुरुवातीचा स्वर पुन्हा काढून ती घसरण ऐकवली जाते. सर्वांनी एकदम श्वास घेऊन दीर्घ स्वर तोडण्याची सवय सर्वांत चिवट. आळीपाळीने श्वास घेण्याचा सराव इथे फार बारकाईने करून घेतात. खोली लहान आहे आणि पंख्याचा आवाज खटकतो. तरीही समूहात नव्याने गाऊ लागलेल्यांनी येथे अवश्य यावे.