कौल, पत्रा की स्लॅब? कोकणातल्या घराचं छप्पर ठरवताना

छप्पर बदलायचं म्हटलं की पहिली चौकशी दराची होते. कोकणात मी आधी वेगळंच विचारतो: पावसाळ्याचे चार महिने त्या घरात कोणी राहणार आहे का? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. जूनमध्ये एक कौल सरकलं आणि बघायला घरात माणूस नसला, तर गणपतीला कुलूप काढेपर्यंत खालचा वासा कुजायला लागलेला असतो.

घर नांदतं असेल तर माझं मत मंगलोरी कौलाला. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि हे खाचांचं कौल किनाऱ्यावर सगळीकडे पसरलं. भाजलेली माती सावकाश तापते, शिवाय फटींतून गरम हवा बाहेर पडते. मे महिन्यात भर दुपारी आधी कौलाखाली आणि मग पत्र्याखाली दहा-दहा मिनिटं बसून पाहा, फरक अंगालाच कळेल. फुटलं तर तेवढं एकच कौल बदलायचं. जुनी उतरवलेली कौलंही चालतात, फक्त प्रत्येक वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तडा आहे.

कौलाचा खरा शत्रू पाऊस नाही, माकडं. टोळी एकदा छपरावरून धावत गेली की पाच-दहा कौलं फुटतातच. म्हणून दर मे महिन्यात शाकारणी (कौलं उतरवून, फुटकी बदलून परत नीट लावणं), आणि पावसात मधूनच कुणाला तरी वर चढवणं आलं. कौलं न फोडता त्यावरून चालणारी माणसं आता गावात मोजकीच उरली आहेत. वजनही लक्षात घ्या: चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं, म्हणजे कोरडी असतानाच चाळीसेक किलो. वाशांना आणि रिपांना (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांना) वाळवी लागली असेल तर लोखंडी पाइपचा सांगाडा करा, पण उतार तीस अंशांपेक्षा कमी ठेवू नका.

मुंबईत राहणाऱ्या आणि फक्त गणपती-शिमग्याला येणाऱ्या माणसाला मात्र मी पत्राच सांगेन. माकडांनी तो फुटत नाही, दरवर्षी हात लावावा लागत नाही, आणि चौरस मीटरला वजन पाचेक किलोच असल्याने सांगाडाही हलका चालतो. घेताना जाडी नीट विचारा. दुकानदार ०.५० मिलीमीटर म्हणतो, ती कधी रंगासकट असते, कधी नुसत्या पत्र्याची. ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी लेप जळतो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. अगदी समुद्रालगत घर असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा महाग पडला तरी परवडतो. उकाडा आणि पावसाचा आवाज सोसायचा नसेल तर खाली छत घाला.

वाऱ्याचं काय? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे कौलंही उडाली आणि पत्रेही. पण सुटलेला पत्रा अख्खा उडतो आणि जिथे आदळेल तिथे कापत जातो. म्हणून कडेला, वळचणीला स्क्रू जवळजवळ मारून घ्या, रबरी वॉशरसकट. कौलाच्या पोटाला भोक असतं, त्यातून तार ओवून ते रिपेला बांधता येतं. निदान कडेच्या ओळी तरी बांधाच.

वर मजला चढवायचा असेल तर स्लॅबला पर्याय नाही. पण पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. मातीत रचलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर तो इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकू नका. सपाट स्लॅब गळायला लागला की लोक त्यावर पत्र्याची शेड घालतात, म्हणजे छपराचा खर्च दोनदा. स्लॅब घालायचाच असेल तर उतरता घाला आणि वर कौलं बसवा. हे सगळ्यांत महाग, पण थंड आणि निर्धास्त.

सिमेंटचा पत्रा स्वस्त आहे, तरी राहत्या घरावर नको. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि कापताना, फोडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. जुना उतरवायचा असेल तर तो ओला करून, न तोडता, अख्खा खाली घ्या.

छप्पर बदलायचं काम फेब्रुवारीतच काढा. मे महिन्यात सुतार आणि फॅब्रिकेटर मिळत नाहीत, आणि वळीव उघड्या घरावर येतो.