लेकीला पाठीशी बांधून आठ महिने : स्कूटरच्या पट्ट्याचा अनुभव

नोव्हेंबरात हा पट्टा घेतला तेव्हा लेक १४ महिन्यांची होती, वजन ९.३ किलो. आता जुलै संपत आलाय. ती २२ महिन्यांची आहे, ११ किलोची आहे आणि पट्ट्याबद्दल तिची स्वतःची मतं आहेत. घेण्याआधी मी जेवढे अनुभव वाचले ते सगळे ‘पार्सल वेळेत आलं, रंग छान आहे’ एवढ्यावर संपत होते. एकट्या माणसाने मूल स्कूटरवर बसवायचं कसं आणि उतरवायचं कसं, हे एकानेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लांबण लावतोय.

आमची गरज आधी सांगतो. बायकोची शाळा सकाळची, साडेसहाला ती घराबाहेर पडते. तिथून नऊ वाजेपर्यंत घरात मी आणि लेक. दूध, शी, अंघोळ, नाचणीचं सत्त्व (अर्धं तिच्या पोटात, अर्धं माझ्या अंगावर, म्हणून ऑफिसचा शर्ट सगळ्यात शेवटी घालायचा), एक चप्पल हरवणं, ती फ्रीजखाली सापडणं, आणि निघताना दारात पुन्हा शी. मग पुण्यात वारज्याहून कर्वे पुतळ्याजवळच्या पाळणाघरात तिला सोडायचं आणि पुढे डेक्कनला ऑफिस गाठायचं. पाळणाघरापर्यंत साधारण पाच किलोमीटर. रिक्षाचे ८०-९० रुपये होतात, तेही रिक्षावाला ‘हो’ म्हणाला तर. नऊच्या बसमध्ये एका हातात मूल, दुसऱ्या हातात डबा आणि तिसऱ्या हाताने दांडा धरायचा असतो. चारचाकी नाही. उरली अ‍ॅक्टिव्हा.

पहिले काही दिवस तिला पोटाशी ओढणीने बांधून नेलं. हे मी कोणाला सांगत नाही, इथे लिहितोय.

वस्तू अशी आहे : मुलाच्या अंगात घालायचं फोमचं जाकीट, छातीवर एक बकल, कमरेला एक. जाकिटाला दोन लांब पट्टे, ते आपण सॅकसारखे खांद्यावर घ्यायचे आणि आपल्या पोटावर तिसरं बकल लावायचं. मूल आपल्या मागे बसतं आणि आपल्या पाठीला चिकटून राहतं. मला ६४९ रुपयांना पडला. पाकिटावर ‘सरकारी नियमानुसार’ असं ठळक छापलंय, म्हणून मी नियमच शोधून वाचला. १५ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने मोटार वाहन नियमांत ही दुरुस्ती काढली आणि ती वर्षभराने लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने चालकाशी बांधायचं, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट घालायचं, आणि असं मूल मागे असताना ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही. पट्टा ३० किलो पेलणारा हवा, नायलॉनचा हवा, आत दाट फोम हवा, पाण्याला दाद न देणारा हवा. माझ्या पट्ट्याने यातल्या कोणत्या अटीला कशी दाद दिली ते पुढे येईलच. रस्त्यात मला आठ महिन्यांत कोणी अडवून पट्ट्याचं विचारलं नाही. शेजारच्या स्कूटरवरच्या बायका मात्र सिग्नलला हमखास विचारतात, ‘कुठून घेतला हो?’

आता बसवण्याचं. माहितीपत्रकातल्या चित्रात आई हसतमुखाने मूल मागे बसवते आणि पट्टे चढवते. चित्र काढणाऱ्याने ते मूल आधीच बसलेलं काढलंय, त्याला सोपं आहे. प्रत्यक्षात तुम्ही पट्टे अडकवण्यासाठी हात मागे नेता ते चार-पाच सेकंद मूल सीटवर मोकळं असतं, आणि आमच्या मुलीला तेवढ्यात मांजर दिसतं. मधल्या स्टँडवर गाडी लावून तिला बसवून पाहिलं, तर स्टँडवरून गाडी उतरवताना बसणाऱ्या झटक्याने ती मागे कलली. पुन्हा तो प्रयोग केला नाही. शेवटी उत्तर पार्किंगमध्येच सापडलं. आमच्या इमारतीला जिन्याशेजारी सीटच्या उंचीचा एक कट्टा आहे. जाकीट घरातच घालायचं. गाडी बाजूच्या स्टँडवर कट्ट्याला खेटून लावायची, किल्ली खिशात. ती कट्ट्यावर उभी राहते, मी आधी गाडीवर बसतो, मग ती माझा खांदा धरून स्वतः मागे उतरते. ती पाठीला टेकली की पट्टे खांद्यावर, पोटावरचं बकल ‘खट्ट’, आणि मगच किल्ली. किल्लीचं मुद्दाम दोनदा लिहिलंय. चालू स्कूटरची मूठ लहान मुलाने पिळली की काय होतं, हे आमच्याच पार्किंगमध्ये एका आजोबांच्या बाबतीत झालेलं आहे. भिंत होती म्हणून थोडक्यात निभावलं.

उतरवताना हेच उलट, पण पाळणाघरापाशी कट्टा नाही. तिथे काकू किंवा त्यांच्या मदतनीस बाहेर येऊन तिला उचलतात. त्यांच्याकडे गर्दी असेल तर मी गाडीवर बसून हॉर्न वाजवत राहतो, गॅसवाल्यासारखा. घेणाऱ्यांनी आधी हे ठरवा : दोन्ही टोकांना कट्टा तरी हवा किंवा माणूस तरी. नसेल तर हा पट्टा रोज एकट्याने वापरणं जिकिरीचं आहे.

तो ‘खट्ट’ आवाज ही या पट्ट्याची सगळ्यात चांगली गोष्ट. तिच्या पहिल्या वीस शब्दांत ‘खट्ट’ आहे, ‘आजी’च्या आधी. तिन्ही बकलं तिच्या हिशेबात असतात. एकदा मी फोनवर बोलत पोटावरचं बकल लावायचं विसरलो, तर मागून ‘बाबा, खट्ट? बाबा, खट्ट?’ सुरू झालं.

हेल्मेट पट्ट्याबरोबर येत नाही. तिच्या डोक्याचा घेर तेव्हा ४६ सेंटिमीटर होता, आणि दुकानात मुलांचं म्हणून जे दाखवत होते ते सगळं ४८ च्या पुढचं. पहिल्यांदा मोटरसायकलवाल्यांसारखं छोटं हेल्मेट आणलं. घरी भाजीच्या काट्यावर ठेवलं तर ७२० ग्रॅम! साडेनऊ किलोच्या जीवाच्या मानेवर पाऊण किलो. ते परत केलं. नियमात सायकलचं प्रमाणित हेल्मेट चालतं असं वाचलं होतं, म्हणून मग ते घेतलं. २४० ग्रॅम भरलं. आतून मागे घट्ट करायची चकती असते, ती पूर्ण आवळून आणि खाली सुती टोपडं घालून दोन महिने काढले. आता टोपड्याशिवाय बसतं.

आणि झोप. यावर कोणीच कसं लिहीत नाही?

सकाळी ती जागी असते. कुत्रा, बस, डंपर, पुन्हा कुत्रा, असं समालोचन चालू असतं. संध्याकाळी सहाला पाळणाघरातून निघालं की कर्वेनगर येईपर्यंत आवाज मंदावतो आणि वनदेवीच्या आसपास माझ्या पाठीवर एकदम वजन येतं. ११ किलोचं मूल झोपलं की १५ किलोचं होतं, हे आई-वडिलांना सांगायला नको. पट्टा नसता तर ती कुठल्याही बाजूला घसरली असती. पट्ट्याने धड जागेवर राहतं, यात शंका नाही. पण मान राहत नाही. हेल्मेटसकट डोकं डावीकडे लोंबतं आणि प्रत्येक गतिरोधकाला हलतं. या पट्ट्याला मानेचा आधार नाही. महागड्यांमध्ये उशीसारखं काही असतं असं दिसतं, मी वापरलेलं नाही. माझा उपाय साधा आहे. डावा आरसा खाली वळवून त्यात तिचा चेहरा दिसेल असा ठेवलाय. डोळे मिटले की गाडी कडेला घ्यायची, तिला उठवायचं, पाणी पाजायचं, शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा द्यायचा आणि गाणं म्हणत पुढे जायचं. सिग्नलला लोक बघतात. बघोत. आरसा तिच्यासाठी वळवल्यामुळे डावीकडून येणारं मला दिसत नाही, त्यामुळे मी आपोआप डाव्या कडेनेच, सायकलच्या वेगाने जातो. घरी पोचायला पूर्वी १५ मिनिटं लागायची, आता २५ ते ३०.

थंडीत उत्तम. स्वेटरवर जाकीट घातलं की ती उबदार, माझी पाठही उबदार. फक्त स्वेटर असला-नसला की पट्टे पुन्हा मापाने ओढावे लागतात, ते विसरू नका. एप्रिल-मे मात्र वाईट. फोम तिच्या छातीला, छाती माझ्या पाठीला, मध्ये घाम. तिला घामोळं आलं, मला शर्टावर रोज एका छोट्या माणसाच्या आकाराचा ओला नकाशा. जाकिटाखाली पातळ मलमलचं झबलं घालून थोडा फरक पडला.

पावसाचं सांगायची गरज नाही, पण पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणून सांगतो. कापड पाणी शोषत नाही हे खरं. शिवणीतून आत गेलेलं पाणी फोम मात्र सोडत नाही. जूनच्या पहिल्या सरीत भिजलेला पट्टा पंख्याखाली दोन दिवस वाळत होता आणि तिसऱ्या दिवशी त्याला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. शिवाय माझा रेनकोट पट्ट्याच्या वर की खाली, हा प्रश्न सुटत नाही. वर घातला तर तिच्या तोंडावर येतो, खाली घातला तर खांद्यावरचे पट्टे घसरतात. पाऊस असेल तर आम्ही रिक्षाने जातो, आणि त्या दिवशी ती ‘खट्ट’साठी रडते.

एक दोष मात्र गंभीर. डाव्या खांद्याचा पट्टा लांब-आखूड करायची जी प्लॅस्टिकची कडी आहे, तिच्यातून पट्टा हळूहळू सरकतो. घरून निघताना दोन बोटं जाण्याइतका घट्ट केलेला पट्टा पोचेपर्यंत पूर्ण पंजा जाईल इतका सैल व्हायचा. कंपनीला लिहिलं. त्यांनी फोटो मागितला, मी पाठवला, पुढे शांतता. मग आमच्या चौकात चपला आणि बॅगा शिवणारे काका बसतात त्यांच्याकडे नेला. त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला, ‘कडी गुळगुळीत आहे, धरणार नाही’ म्हणाले, आणि जुन्या सॅकची लोखंडी कडी बसवून पट्ट्याच्या टोकाला दुहेरी घडी शिवून दिली. ४० रुपये. तेव्हापासून तसूभर सरकलेला नाही.

सुरक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हा पट्टा मुलाला माझ्यापासून वेगळं होऊ देत नाही. बस, एवढंच. खड्डा, धक्का, डुलकी यांत ते लाखमोलाचं आहे. पण मी पडलो तर ती माझ्याबरोबरच पडणार, आणि कदाचित माझ्याखाली. हे एकदा नीट डोक्यात बसलं की ४० चा आकडा जास्त वाटायला लागतो. मी तिला घेऊन ३० च्या वर जात नाही, ओल्या रस्त्यावर निघत नाही, आणि महामार्गाच्या सेवा रस्त्याने पाच मिनिटं वाचत असली तरी तिकडे वळत नाही.

यावरून घरात वाद झालाच. माझे वडील म्हणतात, ‘तुला चेतकवर पुढे उभा करून अख्खं पुणं फिरवलं, काय झालं तुला?’ झालं होतं. हनुवटीवर तीन टाक्यांची खूण आहे, अलका टॉकीजच्या चौकात ब्रेक लागला तेव्हाची. वडिलांना ती आठवत नाही. आईला आठवते, तिने गुपचूप मान हलवली. पुढे उभ्या मुलाला समोर हँडलच असतं, आणि ब्रेक लागला की तोंड तिकडेच जातं. तरी लेकीला पुढेच यायचं असतं, कारण मागून फक्त बाबाची पाठ दिसते. तिच्या बाजूने विचार केला तर तक्रार रास्त आहे.

किरकोळ : लॅपटॉपची सॅक पाठीला लावता येत नाही, पायाशी ठेवावी लागते. धुवायला सोपा. रंग उडाला नाही. कमरेचं बकल सुरुवातीला सगळ्यात आखूड करूनही सैल होतं, दहा किलोच्या आतल्या मुलासाठी घेणार असाल तर शिंप्याकडून एक टीप घालून घ्या.

पाचपैकी साडेतीन देणार होतो आणि हा मजकूर गेल्या रविवारीच टाकणार होतो. पण शुक्रवारी कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला उभे असताना मागून ‘खट्ट’ ऐकू आलं. मी तर तेव्हा काहीच लावत नव्हतो. आरशात पाहिलं तर बाईसाहेब छातीवरचं बकल उघडून माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होत्या. कमरेचं आणि माझ्या पोटावरचं बंद होतं, गाडी उभी होती, काही झालं नाही. पण माझे हात पुढची दहा मिनिटं थरथरत होते. दोन बोटांनी दाबून उघडणारं बकल दोन वर्षांच्या आतलं मूल उघडू शकतं, हे बनवणाऱ्याला कळायला हवं होतं. अर्धा गुण कमी, तीन.

शनिवारी पुन्हा चपलावाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बकलावर जाड रेक्झिनची झडप शिवून दिली, तिला खालच्या बाजूने व्हेल्क्रो. झडप उघडायला तिच्या बोटांत अजून जोर नाही, आणि उघडलीच तर आवाज होईल, मला कळेल. सोमवारपासून तशीच जातेय. कालपासून ती मागे बसून तोंडाने ‘चर्रर्र’ असा आवाज काढते, आणि मी दर वेळी गाडी कडेला घेतो.